घरी एआयवाला रोबो कुत्रा बनवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

बारा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी), रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), कॅमेरा, आणि एआयच्या जोरावर कुत्र्याने आपणहून चालायला शिकायचं, असा तुमचा बेत आहे. पहिली खरेदी काय, असं विचारलंय. माझ्या मते स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. असेल तर उत्तमच.

चालणाऱ्या यंत्राचं सगळं घोडं वजनापाशी अडतं. समजा कुत्रा 900 ग्रॅमचा झाला. दुडक्या चालीत एका वेळी दोनच पाय टेकलेले असतात, म्हणजे एका पायावर 450 ग्रॅम. गुडघ्याच्या सर्व्होपासून पाऊल आडवं 4 सेंमी लांब पडलं, तर लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 1.8 किलो-सेंमी. निळ्या एसजी 90 या छोट्या सर्व्होचा 4.8 व्होल्टवरचा टॉर्क साधारण तेवढाच, आणि तोही स्टॉल टॉर्क, म्हणजे ज्या भाराला मोटर जागीच अडते तो! भरवसा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा. मग लोक एमजी 996आर हा मोठा सर्व्हो उचलतात. तो एकेक 55 ग्रॅमचा, बाराचे झाले 660. वर बॅटरी आणि सांगाडा आहेच, की पुन्हा ताकद कमी.

म्हणून पहिला कुत्रा आठ सर्व्होंचा करा. पायाला दोन, धातूच्या गिअरचे एमजी 90एस, एकूण वजन 350 ग्रॅमच्या आत, आणि रास्पबेरी पायऐवजी ईएसपी 32, म्हणजे वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड. त्याला बाजूला पाऊल टाकता येत नाही, वळताना घसरत वळतो. चालतंय की. पेटोई कंपनीचा बिटल हा छोटा रोबो कुत्राही पायांत आठच सर्व्हो घेऊन चालतो, आणि तो चालवणारा त्यांचा ओपनकॅटचा कोड खुला आहे, जरूर वाचा.

वीज हा दुसरा घोळ. सगळे सर्व्हो एकदम जोर लावतात तेव्हा काही अँपिअर खेचतात, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीस्टार्ट होतो. कुत्रा उठताना मान टाकतो आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो. दोन 18650 लिथियम सेल सिरीजमध्ये, सोबत बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट), सर्व्होंना वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा), बोर्डाला वेगळा, ग्राउंड, म्हणजे ऋण तार, मात्र एकच. जुन्या लॅपटॉपचे सेल नकोत. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं.

आता चालणं. यात एआय लागत नाही. पाऊल कुठे हवं ते ठरवलं की मांडी आणि गुडघ्याचे कोन कोसाइनच्या नियमाने निघतात. आधी रांगती चाल बसवा: एका वेळी एकच पाय उचलायचा, गुरुत्वमध्य उरलेल्या तिघांच्या त्रिकोणात ठेवायचा. कुत्र्याने आपणहून शिकावं अशी हौस असेल तर म्युजोको किंवा पायबुलेट ही सिम्युलेटर, म्हणजे कुत्र्याला आधी संगणकात चालवून पाहायची सॉफ्टवेअर, फुकट आहेत, पण स्वस्त सर्व्हो स्वतः नेमका कोणत्या कोनात आहे ते सांगत नाही, गिअरही ढिले. पडद्यावर धावणारा कुत्रा फरशीवर लोळतो. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिक विद्यापीठातल्या मंडळींनी 2019 मध्ये अ‍ॅनिमल (ANYmal) नावाच्या चार पायांच्या रोबोवर हे जमवलं, तेही खऱ्या मोटरींची वागणूक मोजून त्यावर वेगळं न्यूरल नेटवर्क शिकवल्यावर.

एआय पाहण्या-ऐकण्यासाठी वापरा. कॅमेऱ्याचं चित्र वायफायने लॅपटॉपवर पाठवा, चेहरा तिथे ओळखा, कुत्र्याला फक्त 'डावीकडे', 'बस' एवढंच कळवा. आणि पाळीवपणा हवा असेल तर त्याला मूड द्या: भूक, कंटाळा, लळा असे तीन-चार आकडे, वेळेनुसार कमीजास्त होणारे. त्यासाठी नवव्या सर्व्होची चैन करा, मानेची. सर्व्हो जोडायच्या पीसीए 9685 बोर्डाला सोळा चॅनेल असतात, जागा आहेच. हाक ऐकली की आधी मान वळावी, जरा थांबून मग त्याने उठावं, आणि कंटाळा फार वाढलेला असेल तर उठूच नये. माझ्या भाचीला आमच्याकडच्याचं हे न ऐकणंच सगळ्यात जास्त आवडतं.