कोनशिलेवर विसंबू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

स्मरणिकेसाठी लिहिलेला वाचनालयाचा इतिहास वाचला. भाषा गोड आहे, पण पहिल्याच वाक्याला अडलो. ‘ही वास्तू १८६५ साली उभी राहिली.’ हे साल कुठून आलं ते लगेच कळलं: छपराच्या कौलावरून. मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ ठसवलेलं असतं, पण ते त्यांच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल. चाळीस वर्षांनी भाजलेल्या कौलावरही तेच. शिवाय एका घरावरची कौलं उतरवून दुसऱ्यावर चढवणं आपल्याकडे कधीच नवं नव्हतं. तेवढं वाक्य काढ.

संस्था आणि इमारत यांची सालं वेगळी धर. लहान गावातली वाचनालयं बहुधा कुणाच्या ओसरीत, धर्मशाळेत, देवळाच्या खोलीत सुरू झाली. स्वतःचं छप्पर मिळायला पुष्कळदा वर्षं गेली. ‘स्थापना’ म्हणून पाटीवर असतं ते साल संस्थेचं. इमारतीचं साल हवं असेल तर कपाटातली जुनी किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, काढ आणि दरमहा पडणारं जागाभाडं कुठे थांबतं ते बघ. त्याच्या आगेमागे चुना, विटा, सागाच्या तुळया, गाडीभाडं, गवंड्याची मजुरी असं काही सापडलं, तर बांधकाम तिथे चाललं होतं. हा भाग सावकाश वाच, घाईने फोटो काढून घरी नेऊ नकोस. १ एप्रिल १९५७ च्या आधीचे आकडे रुपये-आणे-पै आहेत. १२ पैचा आणा, १६ आण्यांचा रुपया. दशांश समजून बेरीज केलीस तर खर्च भलताच येईल.

किर्द मोडी लिपीत लिहिलेली निघाली तर घाबरू नकोस. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांनी गावोगाव फिरून जमवलेलं जुन्या कागदपत्रांचं दप्तर सांभाळायला पुढच्याच वर्षी ते उभं राहिलं. तिथे विचार, मोडी वाचणाऱ्याचा पत्ता लागेल.

आता कोनशिला. तिच्यावर ‘पूर्व खानदेश’ अशी अक्षरं आहेत, त्यांचा उपयोग कर. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली पूर्व खानदेशचं नाव जळगाव झालं. म्हणजे दगड त्या दोन सालांच्या मधला. नंतर कुणी जुन्या सवयीने कोरला नसेल तर. १९०६ च्या आधीचा सरकारी कागद लागला तर जळगावात शोधत बसू नकोस, तेव्हा जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला होतं. आणि दगडावर नाव असतं ते उद्घाटन करणाऱ्याचं. बांधणाऱ्याचं फार क्वचित. नामांतर झालं की दगडही बदलतो, तेव्हा जुन्या अहवालांत वाचनालयाचं आधीचं नाव काय होतं ते पडताळ.

जागा कुणाच्या नावावर आहे ते सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर दिसेल, आणि विश्वस्तांची नोंद धर्मादाय कार्यालयात. १९६७ चा ग्रंथालय कायदा, ग्रंथालयांचे अ-ब-क-ड वर्ग, अनुदान, या काळाला चार ओळी पुरेत. ते कागद जागच्या जागी असतात, उद्याही मिळतील.

माणसं मात्र उद्या मिळतीलच असं नाही. तू देणगीदारांना तीन पानं दिलीस. त्यांची नावं भिंतीवर आहेतच की! त्यापेक्षा जुन्या वर्गणीदारांची वही उघड. कोणत्या आळीची माणसं येत होती, कोणती येत नव्हती, बाईचं पहिलं नाव कधी लागलं, हे लिही. समितीला रुचणार नाही, पण त्यांच्याशी मी बोलेन. दारं-खिडक्यांचं काम कुणाच्या घराण्यातलं, हे सुतारवाड्यात विचार. म्हातारे अहिराणीत सांगतील. तसंच उतरवून घे, शुद्ध मराठी करायला जाऊ नकोस.

कागद फाटके निघाले तर लॅमिनेशन अजिबात करू नकोस, सेलोटेप तर नकोच. साध्या सुती कापडात बांधून ठेव. धुळ्याला जायच्या आधी फोन करून वेळ विचारून घे, आणि निघण्याआधी किर्दीची ती पानं मला एकदा दाखव.