उभा फोटो, आडवी सावली

प्रश्न : नमस्कार सर, मी जुळे सोलापुरातला, दोन वर्षं झाली लग्नाच्या ऑर्डरी घेतोय. मागच्या सीझनला एका पार्टीला अल्बम दाखवला तर नवरीची मावशी म्हणाली, पोरीच्या कानामागं हे काळं काय लागलंय? बघितलं तर नवरदेवाच्या फेट्याची सावली, मागच्या पडद्यावर, जवळजवळ सगळ्या उभ्या फोटोत. मित्र म्हणतो फ्लॅश ब्रॅकेट घे, म्हणजे कॅमेऱ्याला लावून फ्लॅश वेगळा धरणारा दांडा. ऑनलाईन इतके प्रकार दिसतात की डोकं गरगरतं. वडिलांचा मेट्झ ४५ या जुन्या मुठीच्या फ्लॅशचा ब्रॅकेट माळ्यावर पडलाय तो चालेल का? सोबत एक पोरगा असतो पण तो व्हिडिओचा लाईट धरून असतो.

उत्तर : मावशीची नजर पक्की आहे, तिला अल्बमचं पहिलं पान दाखवत जा.

आधी सावली तिथं जाते कशी ते बघू. कॅमेरा आडवा असतो तेव्हा फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर, मग सावली माणसाच्या पाठीमागं खाली पडते आणि दिसत नाही. तुम्ही उभा फोटो घ्यायला उजवा हात वर करून कॅमेरा फिरवला की फ्लॅश डावीकडं जातो आणि सावली उजवीकडं सरकते. आता आपल्याकडं नवरी नवरदेवाच्या डाव्या हाताला उभी, म्हणजे तुम्हाला समोरून बघताना उजवीकडं, आणि पडदा पाठीला चिकटलेला, त्यामुळं फेटा आणि तुऱ्याची सावली बरोब्बर तिच्या बाजूला जाऊन बसते. घरी करून बघा, भावाला भिंतीपासून हातभर पुढं उभा करा, डोक्याला टॉवेल गुंडाळा, एक आडवा एक उभा फोटो घ्या, दोन मिनिटांत सगळं कळेल.

ब्रॅकेटचं काम एवढंच, कॅमेरा कसाही फिरवा फ्लॅश लेन्सच्या वरच राहिला पाहिजे. जाहिरातीत लिहितात की लाईट सॉफ्ट होतो, त्यावर जाऊ नका. फ्लॅशचं तोंड तेवढंच आहे, ते वीतभर वर नेलं म्हणून लाईट मऊ होत नाही, त्याला छत, भिंत नाहीतर मोठी छत्री लागते. हां, रेड-आय मात्र कमी होतो. कमी उजेडात बाहुली मोठी झालेली असते, लेन्सच्या अगदी जवळून गेलेला लाईट डोळ्याच्या आतल्या रक्ताळ पडद्यावरून सरळ लेन्समध्ये परत येतो म्हणून डोळे लाल दिसतात. हॉट शूवरचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसवलेला फ्लॅश लेन्सपासून समजा ११ सेंटीमीटर वर असतो, ३ मीटरवरच्या माणसाला तो फरक जेमतेम २ अंशांचा. ब्रॅकेटनं तो २८ सेंटीमीटरवर नेला की ५ अंशांच्या वर जातो. पण ६ मीटरवरून घेतला की परत निम्मा, म्हणून लांबच्या फोटोत ब्रॅकेटचा फार उपयोग नाही.

खर्च करायच्या आधी एक फुकटचा उपाय. जोडप्याला पडद्यापासून ४-५ फूट पुढं घ्या, सावली फिकी होते, बरीचशी फ्रेमच्या बाहेर जाते. पण मला माहितीय स्टेजवर काय असतं ते, मागं फुलांचा पडदा, पुढं राजाराणीची खुर्ची, बाजूला आहेराची पाकिटं घेऊन बसलेले काका आणि खाली भेटायला लागलेली रांग, तिथं कोण तुमच्यासाठी ४ फूट सरकणार! आणि छत पांढरं, १०-१२ फुटांचं असेल तर फ्लॅश वर वळवून बाऊन्स करा, म्हणजे लाईट छताला आपटून खाली येऊ द्या, ब्रॅकेट बॅगेतच राहू दे. पेठांमधल्या जुन्या स्लॅबच्या कार्यालयांत हे मस्त जमतं. पण होटगी रोड, विजापूर रोडकडच्या लॉनवर छतच नाही, पत्र्याच्या शेडात छत इतकं उंच की लाईट परत येता येता दमतो, आणि लाल-पिवळा मंडप असेल तर सगळ्यांचे चेहरे हळदीच्याच दिवसाचे दिसतात. अशा ठिकाणी ब्रॅकेट पैसे वसूल करून देतो.

आता प्रकार. ढोबळमानानं तीन. पहिला सरळ पट्टीचा, बाजूला मूठ आणि वर फ्लॅश, तुमच्या वडिलांचा तोच. उजवा हात खाली ठेवून कॅमेरा उभा धरला की मूठ वर येते आणि फ्लॅश डोक्यावर जातो, म्हणून जुने लोक कॅमेरा तसाच फिरवायचे. पण आडव्या फोटोत तो फ्लॅश डावीकडंच राहतो, म्हणजे तुमचा रोग उभ्यातून आडव्यात गेला. पट्टी वापरून बघायला हरकत नाही, फुकट आहे. पण त्यावरचा जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्याला लगेच जोडू नका, काही जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅश उडवायच्या जोडणीवरचं व्होल्टेज, १००-२०० व्होल्टच्या घरात असतं, त्यानं कॅमेरा बिघडू शकतो, आधी मीटर लावून मोजून घ्या.

दुसरा फ्लिप. कॅमेरा फिरवला की फ्लॅशचा दांडा हातानं पलटवायचा, खट करून पुन्हा लेन्सच्या वर. हलका, बॅगेत बसतो. तिसरा म्हणजे ज्यात फ्लॅश जागचा हलतच नाही, कॅमेराच ब्रॅकेटच्या आत गोल फिरतो. सगळ्यात छान काम हाच करतो पण जड, महाग, आणि कॅमेऱ्याखाली एवढं लोखंड आलं की सहा तासांच्या लग्नात मनगट बोलायला लागतं. हिशोब करा, बॉडी, २४-७० ची २.८ लेन्स आणि फ्लॅश मिळून दोन किलोच्या आसपास झालेच, त्यात हा अजून अर्धा किलो.

तुम्ही फ्लिपवाला घ्या. स्टेजवर उभा-आडवा सारखं बदलावं लागतं, तो एका बोटानं पलटतो, आणि बिघडला तरी त्यात बिघडण्यासारखं काही फार नसतं.

घेताना दुकानात हातात घेऊनच घ्या, नव्या पेठेत नसेल तर पुण्याला कामानिमित्त जाल तेव्हा घ्या, फोटो बघून ऑर्डर नको. तुमचा कॅमेरा, तुमची लेन्स, तुमचा फ्लॅश घेऊन जा आणि लावून हलवा. दांडा डुगडुगतो का? पलटवल्यावर लॉक होतो की नुसता घट्ट बसतो? नुसत्या घट्टपणावर चालणारे सहा महिन्यांत सैल होतात. खालच्या प्लेटला मागं छोटी कड आहे का बघा, ती नसली की कॅमेरा एकाच स्क्रूवर गरगर फिरतो, तो स्क्रू पाव इंचाचा, ट्रायपॉडचाच. ब्रॅकेट लावलेला असताना बॅटरीचं झाकण उघडतं का, कार्ड निघतं का, झूम रिंगला बोटं पोचतात का, हे तिथंच बघायचं. आणि खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा, वरातीत स्क्रू ढिला झाला की डीजेसमोर उभं राहून स्क्रूड्रायव्हर कुठं शोधणार.

जोडणीचं लोक विसरतात. फ्लॅश हॉट शूवरून निघाला म्हणजे कॅमेऱ्याशी बोलायला त्याला केबल नाहीतर रेडिओ लागतो, आणि तो खर्च ब्रॅकेटच्या किमतीत धरलेला नसतो. केबल म्हणजे कॅननला ओसी-ई३, निकॉनला एससी-२८ किंवा एससी-२९, यातल्या २९ ला स्वतःचा फोकस-लाईट आहे, डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा असेल आणि अंधारात काम असेल तर तो उपयोगी. केबलला बॅटरी लागत नाही, चुकत नाही, फक्त लोंबते, आणि कुणाच्या तरी बांगडीत अडकते. गोडॉक्ससारखा रेडिओवाला फ्लॅश तुमच्याकडं असेल तर हॉट शूवर ट्रिगर, म्हणजे फ्लॅशला रेडिओनं इशारा देणारी डबी लावा, केबल नकोच, पण ट्रिगरचे सेल वेगळे सांभाळा.

यात माझी एकदा जिरली आहे. रेडिओवर काम करत होतो, ब्रॅकेटचा वरचा शू सगळा धातूचा. घरी दोनदा चालला. लग्नात भटजी शुभमंगल सावधान म्हणाले, अंतरपाट खाली आला, मी बटण दाबतोय आणि फ्लॅश गप्प. पुन्हा दाबला, गप्पच. फोटो निघाले, पण अंधारात आणि हललेले, आणि पार्टीला काय सांगितलं ते इथं छापण्यासारखं नाही. नंतर कळलं की फ्लॅशच्या पायाखालचे बारीक पितळी ठिपके धातूला टेकून शॉर्ट होत होते, घरी टेकले नाहीत आणि तिथं घट्ट आवळल्यावर टेकले. तेव्हापासून शूमध्ये काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा चिकटवलेला असतो. केबलवाल्यांना हा त्रास नाही, कारण फ्लॅश केबलच्याच शूमध्ये बसतो.

तुमच्या पोराबद्दल. त्याच्या एका हातात व्हिडिओचा लाईट असू दे, पण जेवणाच्या पंगती झाल्यावर जोडप्याचे निवांत फोटो काढायचे असतील तर फ्लॅश ब्रॅकेटवरून काढून त्याच्या हातात काठीवर द्या, ४५ अंशांवर उभा करा. ते काम कुठलाच ब्रॅकेट करणार नाही.

प्रश्न : अक्षता टाकतानाच्या फोटोत पुढं पांढरे धुरकट गोळे येतात. लेन्सला बुरशी आलीय का?

उत्तर : लेन्सला काही झालेलं नाही, ते तांदूळच आहेत. लेन्सच्या हातभर पुढून उडालेल्या दाण्यावर फ्लॅश पूर्ण जोरानं पडतो, अंतर दुप्पट झालं की लाईट चौपट कमी होतो, म्हणून १० फुटांवरच्या नवरीला बरोबर पडलेला लाईट १ फुटावरच्या दाण्यावर १०० पट पडणार. शिवाय तो दाणा फोकसमध्ये नाही, मग फुगून गोळा दिसतो. ब्रॅकेटनं थोडे कमी होतात, बंद होत नाहीत. मी तर पाहुण्यांच्या मागं उभा न राहता स्टेजच्या कडेला जातो, अक्षता माझ्यासमोरून आडव्या जातात, तोंडावर येत नाहीत.

प्रश्न : जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला ब्रॅकेट घेऊन जाऊ का?

उत्तर : अजिबात नको. दिवसाउजेडी कार्यक्रम, सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या, फ्लॅशची गरजच कमी. आणि अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत वर आलेला दांडा पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी कपाळाला लागेल. एक बॉडी, एक हलकी लेन्स, गळ्यात पट्टा आडवा, आणि सकाळी लवकर जाऊन जागा धरा.