कलाकारांनी मिळून चालवलेली ना-नफा कलाजागा सुरू करायची आहे. सोसायटी करावी, ट्रस्ट की सेक्शन ८ कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी)?

सात जण जमत असाल तर १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करा. महाराष्ट्रात तीच संस्था धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तिथे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, द्यायची. बाकी सीए सांगेल. पण कलाकाराला पैसे देणार की नाही, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि सगळं तिथेच अडतं.

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा मजला घेऊन आम्ही काही मित्रमैत्रिणी अशी जागा चालवत होतो. मी खजिनदार. सांगलीची एक मुलगी व्हिडिओ इन्स्टॉलेशन घेऊन आली. खिडक्यांना काळं कापड तिनंच ठोकलं, वायरिंग तिनंच ओढलं, जागरणं केली. प्रोजेक्टरवाल्याला भाडं दिलं, सुताराला मजुरी दिली, फ्लेक्सवाल्याचे दिले, उद्घाटनाच्या चहा-वड्यांचेही दिले. शेवटच्या दिवशी तिनं मानधनाचं विचारलं, तर आमचे एक विश्वस्त म्हणाले, "अगं, तुझं नाव होतंय ना!" स्वतः चित्रकार असलेला माणूस हे बोलतो! मी तिथेच सगळ्यांसमोर भांडले आणि तिचे पैसे दिल्याशिवाय हिशेबावर सही करणार नाही म्हणून सांगितलं. नाही केली. त्यानंतर प्रत्येक अंदाजपत्रकात पहिली ओळ कलाकाराच्या मानधनाची. प्रदर्शनं कमी झाली, होऊ दिली.

मानधनापायी जागा बंद पडली, असं ते गृहस्थ अजून सांगत फिरतात. साफ खोटं आहे. जागा भाड्यानं खाल्ली. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, आणि दर नूतनीकरणाला मालकाची वाढ. वह्या माझ्याकडे आहेत. वर्षभराचं मानधन भाड्याच्या जवळपासही जात नव्हतं. बंगळुरूची वन शांतिरोड ही कलाजागा कलाकार सुरेश जयराम यांच्या स्वतःच्या घरात चालते, हे उगाच नाही. मद्रासजवळ १९६६ मध्ये चित्रकार के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोलामंडल हे कलाकारांचं गाव उभं केलं, ते बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकून. पोट त्यावर चालायचं, म्हणून चित्रं बाजाराकडे बघून काढावी लागली नाहीत. तुम्हीही आधी जागेचं काय ते ठरवा, आणि असा एखादा जोडधंदा जमतो का, ते बघा.

मात्र विक्री आणि कार्यशाळांची फी यांवर लक्ष ठेवा. आपल्यासारख्या संस्थांचं व्यापारी उत्पन्न वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेलं की करसवलत धोक्यात येते. परदेशी निधीवर सुरुवातीला विसंबू नका. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीला साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, आणि त्यातून प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही.

मानधनाचं कलम संस्थेच्या घटनेतच घाला, म्हणजे पुढे कुणी "नाव होतंय ना" म्हणायला नको. विश्वस्तांपैकीच कुणी प्रदर्शन लावणार असेल, तर त्याच्या मानधनाचं मात्र आधी सीएला विचारा. विश्वस्तांना गैरवाजवी फायदा दिला असं ठरलं, तरी तेवढ्या रकमेवरची करसवलत जाऊ शकते.