पुण्याहून समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळ्यापर्यंत पाच दिवसांत: रस्ता कुठला घ्यावा, थांबावं कुठे?

आई-वडील सोबत, गाडी स्वतःची, पाच दिवस हातात आणि शक्य तितका वेळ समुद्र दिसत राहावा, असं तुम्ही लिहिलंय. हा रस्ता मी चारदा केलाय. हॉटेल बघण्याआधी घरातलं कालनिर्णय काढा, कारण या सहलीचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मला माहीत नव्हतं. हरिहरेश्वरला सकाळी दहाला पोचलो. देवळामागून पायऱ्या चढून दोन कातळांमधल्या खिंडीतून खाली उतरलं की प्रदक्षिणेचा मार्ग समुद्रालगतच्या खडकांवरून जातो. आम्ही खिंडीच्या तोंडाशी आलो तर खालच्या पायऱ्यांवर पाणी आपटत होतं. वर शहाळी विकणाऱ्या आजोबांनी विचारलं, "आज तिथी काय?" मी मोबाइल काढला. ते म्हणाले, "ते ठेवा. काल बारस, म्हणजे आज तेरस. तेर पाऊणे पावणेदहा. भरती आत्ताच भरलीय. चारला या."

हिशोब एवढाच. तिथीला पाऊणने गुणायचं, भरती साधारण तितक्या वाजता. पुढे सहा तासांनी ओहोटी. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. तुमच्या बाबांच्या पिढीला पाऊणकी पाठ असते, हे काम त्यांच्याकडेच द्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

म्हणून मी सांगेन, बारशीला निघा. चौथ्या दिवशी पौर्णिमा येईल, त्याचा फायदा पुढे सांगतो. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला धरा.

पहिला दिवस ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. जेवण घरगुती खानावळीत, पण निघतानाच फोन करून सांगा. आयत्या वेळी गेलात तर उकडीचे मोदक मिळत नाहीत, आणि दिवेआगरला जाऊन ते न खाणं मला पटत नाही. गावातल्या सुपारीच्या वाड्यांतून सकाळी चालून या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या वाड्या अक्षरशः झोपल्या होत्या. सुपारी धरायला वर्षं लागतात, त्यामुळे उंच जुन्या पोफळींच्या शेजारी खुजी नवी झाडं दिसली तर ती का, हे कळेल.

दुसरा दिवस या सगळ्या प्रवासाचा कळस. दिवेआगरहून शेखाडी, आरावीमार्गे श्रीवर्धन. रस्ता कधी पाण्याच्या पातळीला, कधी डोंगराच्या कंबरेवर. एक बारीकशी गोष्ट: दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला असतो. मानाची जागा म्हणून कुणाला पुढे डावीकडे बसवाल, तर त्यांना डोंगर आणि तुमचा कान एवढंच दिसेल. आईंना तुमच्या मागच्या सीटवर बसवा. अंतर कमी आहे म्हणून घाई करू नका, दर दोन वळणांनी थांबावंसं वाटतं. श्रीवर्धनला पेट्रोल भरून घ्या आणि रोठा सुपारी घ्या.

तेरस असल्यामुळे हरिहरेश्वरला पावणेचारच्या ओहोटीच्या थोडं आधी पोचा. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असा इथला रिवाज. प्रदक्षिणेच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर आई-बाबांनी खिंडीच्या तोंडापर्यंतच यावं. पाणी वाढतंय असं वाटलं तर तुम्हीही मागे फिरा, इथे माणसं वाहून गेली आहेत.

तिथून बागमांडला. सावित्रीच्या खाडीवर जंगलजेटीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, गाडी घालायची आणि पलीकडे वेश्वीला उतरायचं, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. गाडी बहुधा रिव्हर्समध्ये चढवावी लागते. धक्क्याचा उतार ओला, मागे पाणी, आणि बोटीवरचा पोरगा "येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवतोय. पहिल्यांदा घाम फुटतो. आरशात न बघता त्या पोराच्या हाताकडे बघा. गाडी लागली की हँडब्रेक ओढा आणि सगळ्यांना खाली उतरवून कठड्याशी न्या. आत एसी लावून बसणारे लोक मला कधी कळलेच नाहीत. मुक्काम केळशीला.

तिसऱ्या दिवशी केळशी, आडे, पाडले करत आंजर्ले. रस्ता अरुंद, समोरून एसटी आली तर मागे घ्यायची तयारी ठेवा. कड्यावरच्या गणपतीपाशी उभं राहिलं की नारळांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसतो आणि लांब सुवर्णदुर्ग. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी बघण्यासारखा असतो, पण त्याच्या नादी लागलात तर पुढची जेटी चुकेल. मी लिलाव सोडेन. दाभोळहून धोपावे, वाशिष्ठी ओलांडून गुहागर. सुरूच्या बनात रात्र.

चौथा दिवस पौर्णिमा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आणि उधाण. अकराच्या सुमारास हेदवीच्या बामणघळीवर असायला हवं. कातळात एक अरुंद चीर आहे, लाट आत शिरते आणि कोंडून वर कारंजासारखी उसळते. भांगाच्या दिवशी जाऊन आलेले लोक "काही विशेष नाही" म्हणतात ते यामुळेच. काठापासून लांब उभे राहा, कातळ निसरडा असतो. मग तवसाळहून जयगड, शेवटची जेटी.

ही एकदा माझी चुकली होती. अंधारात धक्क्यावर एक कुत्रं आणि आम्ही. मग आबलोलीमार्गे भातगावच्या पुलावरून वळसा घालून गणपतीपुळ्याला रात्री उशिरा पोचलो, जेवण मिळालं ते एका बंद होणाऱ्या टपरीवरचं ऑम्लेट. पूल आहे, म्हणजे अडकून पडणार नाही, एवढं लक्षात असू द्या. पण शेवटच्या फेरीची वेळ आधल्या दिवशी फोनवर विचाराच, हंगामानुसार बदलते.

वाटेत मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगावचं स्मारक आहे. बाबांना कवितेची आवड असेल तर तास द्या, नसेल तर सरळ पुळ्याला.

पाचव्या दिवशी साखरपा, आंबा घाट, मलकापूर, मग कोकरूडमार्गे कराड आणि हायवे. आंबा घाट उजेडात चढा. आणि परतीच्या वाटेवर आईंना पुढे बसवलंत तरी चालेल.