टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) सक्रिय झाल्यावर एखाद्या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीची त्याची प्रत, वाढला, तर त्याचं प्रथिनही तेवढंच वाढतं का?

नाही, दोन्ही एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात वाढतात असं धरून चालू नका. पहिल्या काही मिनिटांत तर नवं काही बनतच नाही: कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम एनएफएटी या आधीपासून असलेल्या, जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं आणि ते केंद्रकात शिरतं. (सायक्लोस्पोरिन हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध नेमकं इथेच आडवं येतं.) मग जनुकं चालू होतात. पेशीच्या पृष्ठभागावर सक्रियतेची खूण असलेल्या प्रथिनांपैकी सीडी६९ काही तासांतच दिसतं, सीडी२५ मात्र साधारण एक-दोन दिवसांत भरात येतं. उलटही घडतं. सीडी४ या प्रकारच्या मानवी टी-पेशींवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात ग्लुकोज आत घेणाऱ्या ग्लुट-१ या प्रथिनाचा आरएनए विश्रांत पेशीत आधीच साठवलेला आढळला. इशारा मिळाल्यावर फक्त भाषांतर, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनवणं, सुरू होतं. अशा जनुकाचा नुसता आरएनए मोजलात तर फसाल. टी-पेशींची वाढ घडवणाऱ्या आयएल-२ या संदेश-प्रथिनाचा आरएनए अल्पायुषी असतो, सीडी२८ या पृष्ठभागावरच्या सहायक ग्राहकाचा संकेत मिळाला की तो जास्त टिकतो.

हे वेळापत्रक मुख्यतः प्रयोगशाळेत सीडी३ आणि सीडी२८ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांमार्फत दिलेल्या उत्तेजनाचं आहे. शरीरात प्रतिजन (टी-पेशी ओळखते तो रेणू) कमी असेल किंवा पेशी स्मृतिपेशी (तो आधी भेटलेली) असेल, तर आकडे बदलतात.