कोळसा खाणीतल्या युनियनच्या स्थानिक पुढाऱ्याचं आयुष्य नेमकं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात समाजकार्य शिकताय, पुढे खाण कामगारांमध्ये काम करायचं मनात आहे, आणि तिथला युनियनचा माणूस दिवसभर काय करतो ते कुणी सांगत नाही. माझे बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत खाणीत होते आणि नोकरीतली बहुतेक वर्षं युनियनच्या शाखेचे सचिव होते. आता ते आमच्याकडे धनकवडीला राहतात. घरात जे पाहिलं, ऐकलं, ते सांगते.

संप असतात, गेट मीटिंगा असतात. जुलै २०२० मध्ये व्यावसायिक खाणकामाच्या, म्हणजे खासगी कंपन्यांना विक्रीसाठी कोळसा काढू देण्याच्या विरोधात तीन दिवसांचा संप झाला होता, तो तुम्हाला आठवत असेल. पण स्थानिक पुढाऱ्याचं आयुष्य संपात जात नाही, लोकांच्या कागदांत जातं.

वयाचंच घ्या. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधी, खासगी मालकांच्या काळात लागलेल्या कितीतरी माणसांकडे जन्माचा दाखला नव्हता. कारकून अंदाजाने वय लिहायचा. मग फॉर्म बी रजिस्टरात, म्हणजे खाणीतल्या कामगारांच्या नोंदवहीत एक तारीख, सर्व्हिस शीटवर दुसरी, भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर तिसरी. निवृत्ती साठाव्या वर्षी, म्हणजे तारखेतला फरक हा थेट तेवढ्या वर्षांच्या पगाराचा फरक. नोकरीआधीचा मॅट्रिकचा दाखला असेल तर तो धरतात. ज्याने शाळाच पाहिली नाही, त्याचा प्रश्न वैद्यकीय मंडळापर्यंत जातो. बाबा अशा माणसाला ओसरीवर बसवून विचारत राहायचे: लग्न कधी झालं, थोरला केवढा, तू कामाला लागलास तेव्हा मॅनेजर कोण होता? त्यातून अर्ज उभा राहायचा. कामगार तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी बोलणारे, म्हणून बाबांनी या भाषाही कामापुरत्या शिकून घेतल्या.

दुसरं मोठं काम वारसाच्या नोकरीचं. राष्ट्रीय कोळसा वेतन कराराच्या कलम ९.३.० प्रमाणे सेवेत असताना कामगार गेला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या एकाला नोकरी मिळू शकते. कागदावर हे एक वाक्य आहे. घरात मात्र विधवा असते, दोन मुलगे असतात, सून असते, आणि नोकरी एकच. मुलाला नोकरी लागली की तो आईला विचारणार नाही, अशी भीती असते. बाबा त्या बाईंशी आधी एकट्याने बोलायचे, मग सगळ्यांना एकत्र बसवायचे. हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवता येईल असं मला वाटत नाही. आणि पैसे खाणारे पुढारी तयार होतात तेही याच जागी. ज्याच्या शब्दावर फाईल हलते, त्याच्याकडे पाकीट येतंच. बाबांच्या हातून ते घडलं नाही याचा मला फार अभिमान आहे.

सुरक्षेचं काम बाहेरच्यांना दिसतच नाही. ५०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खाणीत युनियनशी सल्लामसलत करून कामगारांमधूनच निरीक्षक नेमायचा, असं खाण नियमांत आहे. छत काठीने ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर ठीक, पोकळ आला तर माणसं मागे घ्यायची आणि वहीत लिहायचं. लिहिलं की उत्पादन थांबतं आणि वरून फोन येतो. तरीही लिहावं लागतं. डिसेंबर १९७५ मध्ये चासनाळ्याच्या खाणीत पाणी शिरून ३७५ माणसं गेली. बाबा नव्या मुलांना ते पहिल्याच आठवड्यात सांगत.

पोटाचं विचाराल तर शाखेचा पुढारी बहुधा कंपनीचाच कामगार असतो आणि पगार कंपनीचाच. युनियनकडून बाबांना प्रवासखर्च मिळाला तर मिळाला. पाळी करून घरी आले की दारात माणसं उभी. आमच्या आईने केलेल्या चहाचा हिशेब कुणी ठेवला नाही, तो ठेवायला हवा होता.

आता ते पुण्यात आहेत तरी नोव्हेंबर आला की पेन्शनरांचे फोन सुरू होतात. हयातीचा दाखला दिला नाही, पेन्शन थांबली, विधवेचं नाव चुकीचं लागलं. दुपारभर फोनवरच असतात.

एक सांगते. कोळसा खाणींशी पुण्याचं नातं अगदीच नाही असं समजू नका. गोखल्यांनी पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजातले ना. म. जोशी हे आयटक या देशभरच्या कामगार संघटनांच्या महासंघाच्या संस्थापकांपैकी, आणि आयटकचं दुसरं अधिवेशन १९२१ मध्ये झरियाच्या कोळसापट्ट्यात भरलं होतं.

चंद्रपूरला जाण्याआधी इथेच मार्केट यार्डात हमाल पंचायतीचं काम जवळून पाहा. मग खाणीकडे जाल तेव्हा कायम कामगारांपेक्षा कंत्राटी कामगारांकडे आधी जा. उघड्या खाणींत माती-दगड हटवण्याचं काम आता मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे आहे. कंत्राट बदललं की माणसंही बदलतात, त्यामुळे सभासद टिकत नाहीत. बाबांच्या पिढीला त्यांना पुरेसं बांधता आलं नाही. तिथे हाजरी कार्ड, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक या तीन गोष्टी प्रत्येकाकडे आहेत का, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. कुणाला भेटायचं ते बाबा सांगतील, मला संदेश पाठवा.