इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांना चिकटलेले लाल, बुळबुळीत गोळे दिसतात. ते काय असतात? हात लावला तर चालतं का?

ते बहुधा बीडलेट अ‍ॅनिमोन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी; शास्त्रीय नाव अ‍ॅक्टिनिया इक्विना. पाणी ओसरलं की आतला ओलावा टिकवायला स्पर्शक आत ओढून घेतो, म्हणून नुसता गोळा दिसतो. भरती आली की उमलतो. मोठ्यात सहा फेऱ्यांत 192 पर्यंत स्पर्शक असतात. काही हिरवे किंवा तपकिरीही असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका. खूण म्हणजे स्पर्शकांच्या बाहेरच्या बुडाशी असलेले निळे मणी. ती त्याची शस्त्रं! दुसरा अ‍ॅनिमोन फार जवळ आला की मणी फुगवून त्याच्यावर टेकवतो. मण्यांची दंशपेशींनी भरलेली त्वचा सोलून त्याच्या अंगाला चिकटते आणि हरलेला हळूहळू सरकत दूर जातो.

ओल्या बोटाने हलकेच स्पर्श करा. दंश सहसा जाणवत नाही, फक्त चिकट लागतं. नंतर डोळे चोळू नका. सनस्क्रीन लावलेला हात डबक्यात घालू नका. उपटून तर मुळीच काढू नका, ज्याने तो खडकाला चिकटतो ती तळाची चकती फाटते. हिरवट, जांभळ्या टोकांचे लांब स्पर्शक ओहोटीतही पसरलेलेच दिसले, तर तो स्नेकलॉक्स, दुसऱ्या जातीचा अ‍ॅनिमोन. त्याला हात लावू नका, पुरळ येऊ शकतं.